अन्नसुरक्षेचे शब्द : द्राक्ष बागायतदारांनी समजून घ्यावेत

सन २०१० मध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. घड उत्तम होते. परंतु तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजेच आपले सीसीसी किंवा लिहोसीन, मर्यादेपेक्षा जास्त आढळले. नाशिकच्या बागायतदारांना याचा मोठा फटका बसला. म्हणून पुढील शब्द नीट समजून घ्यावेत.

१) उर्वरित अंश : फवारलेल्या औषधाचा काढणीच्या वेळी मालात शिल्लक राहिलेला भाग.

२) कमाल अंश मर्यादा (एमआरएल) : मालात कायद्याने चालणारा जास्तीत जास्त अंश. सीसीसीसाठी युरोपात त्या वेळी ती किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. म्हणजे २० टन द्राक्षांत फक्त १ ग्रॅम! मर्यादा ओलांडली म्हणजे माल विषारी झाला असे नव्हे, पण तो नियमबाह्य ठरतो.

३) काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (पीएचआय) : शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवावयाचे किमान दिवस. मात्र केवळ दिवस मोजून भागत नाही. खरड छाटणीनंतर फवारलेले सीसीसी वेलीत साठून राहते व पुढे फळात उतरते.

४) ॲलर्जी : ही विषबाधा नव्हे. शेंगदाणा, दूध, अंडी यांसारख्या अन्नातील प्रथिनांना काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती शत्रू समजते. अशा व्यक्तीस अल्प मात्राही जिवावर बेतू शकते; इतरांना तेच अन्न पूर्ण सुरक्षित असते.

५) सल्फाइट : बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून राहणाऱ्या सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते. ही खरी ॲलर्जी नसली तरी, किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असल्यास भारतातील २०२० च्या लेबल नियमांनुसार ॲलर्जीकारक घटकांसोबत तसे छापावे लागते. बेदाणा पाकिटात विकणाऱ्यांनी हे विसरू नये.

काय करावे?

• प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, मात्रा व प्लॉट त्याच दिवशी वहीत लिहावे.
• मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीतीलच औषधे वापरावीत.
• घटक न छापलेले 'टॉनिक' बागेत आणू नये.
• काढणीपूर्वी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

परदेशी ग्राहकाइतकाच आपल्या घरातील लेकराचाही सुरक्षित घासावर हक्क आहे. स्थानिक बाजाराच्या मालालाही हीच काळजी घ्यावी.