हार्ड डिस्कची केस बंद पडली म्हणजे हिसाब बुडाला असे नव्हे

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगावपर्यंत गेले की शनिशिंगणापूरचा फाटा लागतो. घरांच्या चौकटींना दारे नाहीत आणि दारांना कुलपे नाहीत अशी या गावाची ख्याती. २०११ साली युको बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली होती. या गावातील काही दुकानदारांना आम्ही टॉवेल, लुंग्या आणि तयार कपडे ठोकाने देतो आणि महिन्याकाठी उगराणीसाठी एक चक्कर मारतो.

मागील खेपेस असे झाले की, आमच्या वहीप्रमाणे एका जुन्या गिऱ्हाइकाकडे १८,६०० रुपये येणे निघत होते. त्यांचे म्हणणे पडले की दिवाळीनंतर ४,२०० रुपयांचा माल परत केलेला आहे, तो वजा व्हावा. आमच्या वहीत तशी नोंद नव्हती. त्यांचा सगळा हिसाब संगणकावर आणि जुन्या नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क लावली तर ती चालूच होईना. हिरवा दिवा लागे, आतून घर्र असा आवाज येई, पुन्हा सारे शांत.

"शेठ, आमच्या गल्ल्याला कुलूप नाही तरी कोणी हात लावत नाही. आणि ही मेली आपली आपणच बसली," असे ते नाना म्हणाले. त्यांचा पुतण्या डिस्क केराच्या डब्यात टाकायच्या बेतात होता. "चाचा, गेली ती. नवीन आणू," असे त्याचे मत. आम्ही त्याला थांबविले, कारण हा प्रसंग आमच्या स्वतःच्या दुकानात होऊन गेला होता आणि त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे.

व्यापारी बंधूंनी प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. बाहेरची हार्ड डिस्क ही एक वस्तू नसून दोन किंवा तीन वस्तू आहेत. आत खरी डिस्क असते, संगणकाच्या पोटात असते तशीच. तिच्याभोवती प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची केस असते आणि त्या केसमध्ये काडेपेटीएवढी एक पट्टी असते. डिस्कची भाषा वेगळी, संगणकाच्या यूएसबी तोंडाची भाषा वेगळी. ही पट्टी मधल्या दुभाष्याचे काम करते. मोठ्या डिस्कला (साडेतीन इंची) याशिवाय भिंतीत लावायचा अडॅप्टर लागतो. डिस्क चांगल्या कंपनीची असली तरी केस, पट्टी, अडॅप्टर आणि वायर बहुधा स्वस्तातली असते. म्हणून बंद पडते तेव्हा पहिला संशय त्या स्वस्त मालावर घ्यावा, डिस्कवर नव्हे. आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा दोषी दुभाष्या निघतो आणि शिक्षा मात्र डिस्कला होते.

तपासणी नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करावी. सर्वांत आधी वायर बदलावी. ती दिसायला धडधाकट असते, पण टोकाशी आत तुटलेली असते. मग संगणकाच्या पुढच्या तोंडाऐवजी मागच्या तोंडात लावून पाहावे. पुढची तोंडे लांब वायरीने जोडलेली असल्याने तेथे वीज कमी पोचते. मग दुसऱ्या संगणकावर. हे तिन्ही प्रकार करायला पाच मिनिटे लागतात, आणि तरीही लोक ते न करता थेट दुरुस्तीवाल्याकडे धावतात. नानांकडे यातल्या कशानेही फरक पडला नाही.

मग अडॅप्टर. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण साडेतीन इंची केसमध्ये दगा बहुधा येथूनच होतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिलेले असते. डिस्कची तबकडी स्थिर असताना फिरायला लागते, त्या पहिल्या काही क्षणांत तिला सर्वांत जास्त वीज लागते. भरलेली हातगाडी ढकलताना पहिला धक्काच जड जातो, तसेच. स्वस्त अडॅप्टरमधील कपॅसिटर उष्णतेने सुकतात किंवा फुगतात आणि तो धक्का त्यांना सोसत नाही. तबकडी फिरू लागते, व्होल्टेज पडते, तबकडी थांबते, पुन्हा प्रयत्न करते. घर्र आणि शांतता, घर्र आणि शांतता. आता यातली फसगत अशी की इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर लावून पाहिले तर काटा बरोबर १२ दाखवितो, कारण त्या वेळी अडॅप्टरवर ओझेच नसते. रिकाम्या हमालाची ताकद पाहून काय उपयोग? अडॅप्टरची परीक्षा दुसरा अडॅप्टर लावूनच होते.

शिंगणापुरात दुसरा अडॅप्टर कोठून आणावा? शेजारच्या दुकानात सीसीटीव्ही कॅमेरे होते. (बिनकुलपाच्या गावातही आता कॅमेरे आहेत, हे आम्ही कौतुकाने पाहिले.) त्या कॅमेऱ्यांचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्ट २ अँपिअरचाच असतो आणि पिनही पुष्कळदा तीच. तरी लावण्यापूर्वी दोन्ही अडॅप्टरवरील छोटे चित्र ताडून पाहावे : मध्ये अधिक, बाहेर उणे असे दोहोंवर सारखे असले पाहिजे. व्होल्ट तंतोतंत सारखे हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. लॅपटॉपचा चार्जर पिन बसते म्हणून कोणी लावू नये. तो बहुधा १९ व्होल्टचा असतो आणि डिस्क क्षणात जळते. मग तक्रार कोणाकडे करणार?

कॅमेऱ्याचा अडॅप्टर लावताच तबकडी एकसारखी फिरू लागली. अलहम्दुलिल्लाह, डिस्क जिवंत होती. पण संगणकाला ती दिसेना. 'ओळखता येत नाही' अशी सूचना येऊ लागली. म्हणजे मरता मरता अडॅप्टरने दुभाष्या पट्टीलाही सोबत नेले होते.

आता केस उघडायची होती. येथे नाना घाबरले. आम्ही त्यांना सांगितले की केस उघडायची आहे, डिस्क नव्हे. केसचे दोन-चार स्क्रू काढले की डिस्क सरकून हातात येते. परंतु डिस्कच्या स्वतःच्या लोखंडी झाकणाला स्क्रू-ड्रायव्हर कधीही लावू नये. आत वाचणारे डोके तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असते, आणि धुळीचा एक कण त्याला डोंगरासारखा असतो. संगणक बंद करून, भिंतीची पिन काढून, हात एकदा संगणकाच्या पत्र्याला लावून मग डिस्क संगणकाच्या आतल्या साटा वायरला जोडली. दोन्ही वायरींचे तोंड इंग्रजी एल आकाराचे असते, उलटे बसत नाही, जोर करू नये. संगणक चालू केला आणि नानांची पाच वर्षांची दुकानदारी पडद्यावर आली.

आमच्याकडे हीच गोष्ट २०१९ मध्ये झाली, तेव्हा आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती अडीच इंची लहान डिस्क होती. तिला अडॅप्टर नसतो; ती संगणकाच्या यूएसबी तोंडातूनच वीज घेते. जुने यूएसबी २ तोंड नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर देते, निळे यूएसबी ३ तोंड ०.९ अँपिअर. डिस्कला सुरुवातीस एक अँपिअरच्या आसपास लागू शकते. म्हणून जुन्या संगणकावर ती अधूनमधून सुटायची, आम्ही वायर हलवून पुन्हा लावायचो आणि काम चालवून घ्यायचो. असे मध्येच सुटत राहिल्याने डिस्कवरील यादी बिघडली. एके दिवशी पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. आमच्यासारखी उर्दू शाळेत शिकलेली मंडळी इंग्रजी चौकट दिसली की ती लवकर जावी म्हणून 'येस' दाबतात. आम्हीही दाबले. सूचना होती, डिस्क फॉरमॅट करू का?

त्या डिस्कवर ईदच्या हंगामातील शिलाईची मजुरी होती. कोणत्या बाईने किती कुर्ते शिवले, किती उचल नेली, किती बाकी. घाईच्या फॉरमॅटने मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची यादी जाते. त्यावर नवे काही लिहिले नाही तर जाणकार माणूस पुष्कळसे परत काढू शकतो. पण आम्ही त्याच डिस्कवर नव्या बिलांचे काम दोन दिवस केले होते. निम्मा मजकूर आला, तोही नावाविना. शेवटी बायांना बोलावून त्यांनी सांगितला तोच आकडा मान्य केला आणि मजुरी दिली. कोणी जास्त सांगितली का, हे आम्ही कधी विचारले नाही. एखादीने लाजून कमी सांगितली असेल काय, ही रुखरुख मात्र आजही आहे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदार असावेत, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, हे आपण जाणतोच. दुसऱ्या डिस्कवरील प्रत हा आजच्या हिसाबाचा साक्षीदार समजण्यास हरकत नसावी, असे आम्हाला वाटते. साक्षीदार एकाच खोलीत, एकाच प्लगावर नसावा, इतकेच. एक प्रत दुकानात, एक घरी. जीएसटीच्या कायद्यानेही वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिसाब सांभाळणे बंधनकारक आहे. केस बंद पडली हे कारण तेथे चालत नाही.

काही फसव्या गोष्टीही सांगतो. एका केसमधील डिस्क दुसऱ्या केसमध्ये किंवा थेट संगणकात लावली असता कधीकधी ती कोरी दिसते आणि फॉरमॅट मागते. डिस्क खराब असेलच असे नाही. काही केस मोठ्या डिस्कचे भाग वेगळ्या मापाने मोजतात, म्हणून दुसऱ्याला ते वाचता येत नाही. पहिल्यासारखीच केस मिळाली की मजकूर दिसतो. जुन्या पट्ट्यांना सुमारे २ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण दिसतच नाही. आणि नामांकित कंपन्यांच्या काही तयार डिस्कमध्ये पट्टी मजकूर गुप्त लिपीत लिहिते, काहींत तर यूएसबीचे तोंड डिस्कलाच जोडलेले असते. त्या उघडून काही हाती लागत नाही. कोणत्याही प्रकारात 'फॉरमॅट'ला नकार द्यावा.

वीज चांगली असूनही डिस्क टकटक असा ठरावीक ताल धरीत असेल, तर मात्र दोष डिस्कचा. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, दुरुस्तीची आज्ञाही देऊ नये, आणि फ्रीजमध्ये ठेवण्याचा कोणी सल्ला दिला तर हसून सोडून द्यावा. मजकूर मोलाचा असेल तर ती बंद ठेवून जाणकाराकडे न्यावी.

नवी केस घेताना अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. पत्र्याची केस प्लॅस्टिकपेक्षा बरी, उष्णता बाहेर जाते. आम्ही वायर आणि अडॅप्टर नेहमी वेगळे, बऱ्या दर्जाचे घेतो. वाचलेल्या शंभर रुपयांत बरकत नसते.

नानांच्या डिस्कवरील मजकूर आम्ही आधी संगणकात उतरवून घेतला, मग दिवाळीनंतरचा महिना उघडला. परत केलेला माल तेथे होता : टॉवेल, सहा डझन, रक्कम ४,२००, आणि शेजारी आमच्याच माणसाने सही केलेल्या चलनाचा क्रमांक. नगरला आल्यावर चलनाचे पुस्तक काढले. स्थळप्रत त्यात होती. वहीत चढवायची राहिली होती. त्याच रात्री १४,४०० रुपये येणे असे वहीत दुरुस्त केले आणि नानांना फोन करून तसे सांगितले.