नव्वद दिवसांचा हिशेब तिकीट काढण्याआधी

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेहून आई-बाबा आलेत, त्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, व्हिसा लागलाच नाही. बाळ आता कुठे दोन महिन्यांचं झालंय. त्यांना आणखी दोन महिने ठेवून घ्यायचंय, तर मुदत कुठे वाढवून मिळते?

श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफर्टच्या आसपास बरीच वर्षं काढलेल्या घरांना आम्ही हेच विचारलं. त्यांनी आपापल्या घरात काय केलं, ऑफिसात काय उत्तर मिळालं आणि कुठे हात टेकले, त्यातून हे टिपण तयार झालं आहे. सगळ्यांचा सूर एकच होता. बिनव्हिसाच्या मुक्कामाला ‘मुदतवाढ’ म्हणून काही मिळतच नाही असं धरून चाला. लांबचा मुक्काम हवा असेल तर तो तिकीट काढण्याआधी आखावा लागतो. ऐंशीव्या दिवशी धावाधाव करून हाताला फारसं काही लागत नाही.

नियम सांगायला एका ओळीचा आहे: शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ही मोजणी ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमेनिया २०२५ च्या सुरुवातीला पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे ‘झ्युरिकला एक चक्कर मारून आलो की नवे नव्वद’ हा सल्ला कोणी दिला तर चहा पाजून त्याला घरी पाठवा. लंडनला दोन दिवस जाऊन आल्यानेही काटा शून्यावर येत नाही. पूर्णपणे बाहेर काढलेले दिवस मोजले जात नाहीत, इतकाच काय तो फायदा. येण्याचा दिवसही धरायचा आणि जाण्याचाही. रात्री साडेअकराला विमान उतरलं तरी तो अख्खा एक दिवस झाला.

लोक चुकतात ते ‘कोणत्याही १८० दिवसांत’ या शब्दांपाशी. वर्षाचे दोन भाग पाडून प्रत्येकात नव्वद, असा हा हिशेब नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी उभं राहून मागे १८० दिवस बघायचं आणि त्यात आपण इथे किती दिवस होतो ते मोजायचं. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू, कारण तोंडी सांगून हे कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

समजा आजी ५ जानेवारी २०२६ ला आल्या आणि ३ मार्चला परत गेल्या. दोन्ही टोकं धरून ५८ दिवस झाले, म्हणजे शिल्लक ३२. आता त्यांना पुन्हा यायचंय, बाळाच्या उष्टावणासाठी. १ जूनला आल्या तर ३२ दिवस २ जुलैला संपतात. ३ जुलैला मागे १८० दिवस मोजले तर खिडकी बरोबर ५ जानेवारीला उघडते, म्हणजे जुने ५८ दिवस अजून पुरते अंगावर आहेत. बेरीज ९१. म्हणून २ जुलैला निघणं भाग आहे. आता त्याच आजी एक दिवस उशिरा, २ जूनला आल्या असं धरा. त्यांचे ३२ दिवस ३ जुलैला भरतात. ४ जुलैला खिडकी ६ जानेवारीवर सरकलेली असते, ५ जानेवारीचा दिवस गळतो आणि त्याच्या जागी आजचा दिवस बसतो. दुसऱ्या दिवशी ६ जानेवारी गळते. रोज एक जुना दिवस बाहेर, एक नवा आत, बेरीज नव्वदवरच. असं करत आजी ३० ऑगस्टपर्यंत राहू शकतात. एका दिवसाच्या फरकाने बत्तिसाचे नव्वद झाले! तिकीट शंभर युरोंनी स्वस्त मिळतंय म्हणून १ जूनचं काढलं असतं तर काय गमावलं असतं ते बघा.

हा हिशेब बोटांवर करू नका. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी अधिकृत कॅल्क्युलेटर आहे. त्यात मागच्या सगळ्या ये-जा तारखा भरायच्या. त्यात इटलीची सहल आणि ॲमस्टरडॅमला मावसबहिणीकडे काढलेला आठवडाही आला. लोक फक्त जर्मनीतले दिवस मोजतात आणि तिथेच फसतात.

पूर्वी शिक्के पुसट असायचे, कधी अधिकारी मारायचा विसरायचा, आणि दोन-चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी निभावून जायचं. ते दिवस संपले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद आली आहे. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे घेतात, पुढे प्रत्येक आगमन-निर्गमन आपोआप जुळवलं जातं. नोंद तीन वर्षं राहते, आणि बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. वयस्कर माणसांच्या बाबतीत एक छोटी अडचण बऱ्याच घरांनी सांगितली. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लवकर सापडत नाहीत. एका आजींनी काचेवर चार वेळा हात ठेवला, यंत्र चारही वेळा लाल झालं, आणि मागची रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी अधिकाऱ्याने त्यांना खिडकीशी बोलावलं, ओला रुमाल दिला, बोटं पुसायला लावली आणि स्वतः बोट धरून काचेवर दाबलं. विमानातून उतरण्याआधी हाताला थोडं क्रीम चोळा, आणि पुढचं विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

याच्या जोडीला बिनव्हिसा प्रवाशांसाठी ऑनलाइन पूर्वपरवानगीही यायची आहे. २०२६ च्या अखेरीस ती सुरू करायचं जाहीर झालं आहे. शुल्क २० युरो, सत्तरीपुढच्यांना माफ, मुदत तीन वर्षं. तीन वर्षं म्हटल्यावर काहींचे डोळे चमकतात, पण मुक्काम नव्वदचाच राहणार.

मग मुदत कधीच वाढत नाही का? वाढते, पण इलाज नसेल तेव्हा. जर्मन नियमांत अपवादात्मक परिस्थितीत बिनव्हिसा आलेल्याला आणखी ९० दिवसांपर्यंत राहू देण्याची तरतूद आहे, मात्र कमाईचं काम करायचं नाही. अपवादात्मक म्हणजे हॉस्पिटलात दाखल होणं, डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई करणं, अशा गोष्टी. ‘नातवंडाचा लळा लागला’ हे कारण त्यात बसत नाही. पडून खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजोबांना ही सवलत मिळाली. त्यांच्या लेकाने केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑपरेशन झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ईमेल केला. सोबत डॉक्टरांचं ‘प्रवासास असमर्थ’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र, पासपोर्टची प्रत, विम्याचा कागद आणि परतीचं जुनं तिकीट जोडलं. तेव्हा नव्वद दिवस संपायला तीन आठवडे होते. अपॉइंटमेंट महिन्याभराने मिळाली, पण अर्ज वेळेत पोचल्याचा पुरावा हातात होता. नव्वदीनंतर अर्ज करणाऱ्याची बाजू लंगडी पडते, मग कारण कितीही खरं असो. परवानगी नसताना राहणं हा जर्मनीत गुन्हा आहे. त्यापायी दंड आणि प्रवेशबंदीही येऊ शकते, आणि ती बंदी पुढच्या बारशाला आडवी येते.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल यांच्या नागरिकांना जर्मनीत एक खास मुभा आहे, आणि नवख्यांना ती बहुधा ठाऊक नसते. या पासपोर्टवर बिनव्हिसा येऊन, नव्वद दिवसांच्या आत, इथूनच निवास परवान्याचा अर्ज करता येतो. भारतीय पासपोर्टला ही सोय नाही. तिथे आधी मुंबईहून राष्ट्रीय व्हिसा काढूनच यावं लागतं. वेळेत अर्ज केला की निकाल लागेपर्यंतचा मुक्काम कायदेशीर धरला जातो आणि तसा दाखला मिळतो. (त्या दाखल्यावर जर्मनीबाहेर जाऊन परत येण्याची खात्री धरू नका. मधल्या काळात पॅरिसचा बेत आखू नका.)

पण अर्ज करता येणं वेगळं आणि परवाना मिळणं वेगळं. परवान्याला कारण लागतं: नोकरी, शिक्षण, जोडीदार. अमेरिकन पासपोर्टची सून किंवा इथे नोकरी मिळालेला ब्रिटिश भाचा यांना ही वाट छान लागू पडते. आजी-आजोबांसाठी मात्र जुना कायदा ‘असाधारण हालअपेष्टा’ मागतो, आणि ती सिद्ध करणं महाकठीण. २०२४ पासून एक नवी फट उघडली आहे. ज्या कुशल कामगाराला कामासाठीचा निवास परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, त्याच्या आई-वडिलांना, आणि जोडीदार इथे कायमचा राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही, परवाना देता येतो. इथे पासपोर्ट भारतीय असला तरी चालतं. म्हणजे गेल्या वर्षी पुण्याहून ब्लू कार्डवर आलेल्या इंजिनिअरच्या आईला दार उघडं, आणि पंधरा वर्षं इथे कर भरणाऱ्याच्या आईला बंद. जुन्या मंडळींच्या घशाखाली हे आजही उतरत नाही, आणि आमच्याही. शिवाय परवाना मिळण्यासाठी पैशांची आणि आरोग्यविम्याची खात्री द्यावी लागते. सत्तरीच्या माणसाला पुरेसं कव्हर देणारा विमा शोधताना अनेकांचं गाडं तिथेच अडलंय. आधी विम्याची चौकशी करा, मग वकिलाची.

विम्याचं निघालंच आहे तर: अमेरिकेचं मेडिकेअर देशाबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. ‘आमचं कव्हर आहे’ असं आई-बाबा म्हणाले की पॉलिसीचा कागद मागून स्वतः वाचा.

बहुतेक अनुभवी घरं परवान्याच्या मागे लागतच नाहीत. ती मुक्काम वाटून घेतात. श्टुटगार्टला दोन महिने, मग ब्रिटनमध्ये दुसऱ्या लेकीकडे, मग पुन्हा इकडे. अमेरिकन पासपोर्टवर ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. येण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी घ्यावी लागते. आयर्लंडही शेंगेनबाहेर आहे, तिथे नव्वद दिवस. लंडनला तर महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, तेव्हा ज्येष्ठांना तिथे कंटाळा येण्याचं कारण नाही. फक्त तिथेही पाहुण्यासारखंच राहावं. वर्षातले दहा महिने तिथे काढायला लागलात तर प्रश्न विचारले जातील. अमेरिकेचे पोलंड आणि डेन्मार्कशी जुने करार आहेत, त्यानुसार त्या देशांत वेगळे नव्वद दिवस मिळू शकतात. पण अटी बारीक आहेत आणि नोंदीचं यंत्र आता कडक आहे. त्या वाटेने जायचं तर त्या देशाच्या दूतावासाचं लेखी उत्तर खिशात ठेवा.

आई-बाबांचा पासपोर्ट भारतीय असेल तर नव्वदचाच नियम, फक्त आधी व्हिसा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं तरी व्हिसा लागतोच, आणि यावरून विमानतळावरून परत फिरलेली माणसं आहेत. व्हिसाच्या चिठ्ठीवर ‘पासून-पर्यंत’ तारखा असतात आणि खाली मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात. तारखा साठ दिवसांच्या आणि मुक्काम पंचेचाळीसचा, असं सर्रास असतं. धरायचा तो मुक्कामाचा आकडा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक बरी गोष्ट झाली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणून पहिल्या दोन खेपांना एक दिवसही जास्त राहू देऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांनी तिकडची बाजूही बघावी. सहा महिन्यांहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलं तर नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळ मोडू शकतो.

सीमेवर विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगायला आई-बाबांना शिकवून ठेवा: मुलीकडे आलोय, इतके दिवस, अमुक तारखेचं परतीचं तिकीट. ‘बाळ सांभाळायला आलेय’ हे मराठीत मायेचं वाक्य आहे, अधिकाऱ्याला त्यात नोकरीचा वास येतो. अजून नोकरी करणाऱ्या बाबांनी लॅपटॉप उघडून इथून ऑफिस चालवणंही टाळावं. बिनव्हिसाचा मुक्काम कामासाठी नसतो.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, तेव्हा स्ट्रासबुर्गला नुसतं कॉफी प्यायला निघालात तरी आजींच्या पर्समध्ये पासपोर्ट असू द्या. बोर्डिंग पास, रेल्वेची तिकिटं, लंडनचं हॉटेलचं बिल, सगळ्यांचे फोटो काढून फोनवर एका फोल्डरमध्ये ठेवा. यंत्रातली नोंद चुकली तर दुरुस्ती मागता येते, पण तुम्ही त्या दिवशी कुठे होतात हे दाखवणं तुमच्यावर येतं.