डायलिसिसचे यंत्र : आणणे सोपे, चालविणे अवघड



"वर्गणी करू आणि तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचे मशीन बसवू," अशी बोलणी गावोगाव ऐकू येतात. विचार चांगला आहे. पण पावतीपुस्तक छापण्याअगोदर पैसा नेमका कशाला लागतो, ते नीट समजून घेऊ.

आजार काय आहे?

आपली दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळतात. घाण आणि जादा पाणी लघवीवाटे काढून टाकतात. मधुमेह आणि रक्तदाब अंगावर काढला, किंवा अंग दुखलं की दुकानातून गोळी आणून वर्षानुवर्षे खाल्ली, तर ही गाळणी निकामी होऊ शकते. मग रक्त यंत्रातून गाळावे लागते. हॉलंडमध्ये डॉ. कोल्फ यांनी १९४३ साली असे यंत्र माणसावर चालविले.

एका खेपेला सुमारे चार तास लागतात, आणि आठवड्यातून साधारण तीन खेपा. मूत्रपिंड बदलेपर्यंत, नाहीतर जन्मभर. पैठणहून छत्रपती संभाजीनगर सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे आठवड्याला तीनशे किलोमीटरची ये-जा, आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच. मग घरचे म्हणतात, एक खेप चुकली तर काय होतंय? खेप चुकली की अंगात पाणी साठते, धाप लागते, कधी जीवही जातो. सोय जवळ हवी ती यासाठी.

यंत्राचा हिशेब

एका यंत्रावर रोज दोन रुग्ण, आठवड्याचे सहा दिवस धरले तर बारा खेपा झाल्या. म्हणजे एक यंत्र फक्त चार रुग्णांना पुरते. कावीळ 'ब' असलेल्या रुग्णाला यंत्र वेगळे ठेवावे लागते. त्यामुळे एकच यंत्र आणून भागत नाही.

शिवाय एका खेपेला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी जसेच्या तसे चालत नाही. त्यासाठी शुद्धीकरण संयंत्र हवे. वीज गेली तर जनरेटर हवा, शिकलेला तंत्रज्ञ हवा, मूत्रपिंडतज्ज्ञाची देखरेख हवी. बैलजोडी एकदाच घेतली जाते, वैरण मात्र रोज लागते. तसाच हा प्रकार आहे.

सहकाराने हे केले आहे

प्रवरानगरला कारखान्याच्या परिसरात १९७२ साली वैद्यकीय ट्रस्ट निघाला आणि १९७६ साली ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. आपल्या शहरात १९८९ साली काही तरुण डॉक्टरांनी सुरू केलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय समाजाच्या देणग्यांवर वाढले. दोन्हीकडे धडा एकच : आधी संस्था, मग इमारत आणि यंत्रे.

आपण काय करावे?

१. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का, ते पाहावे. या योजनेत डायलिसिस बसते. खेपांचा खर्च तिकडून आला तर वर्गणीवरचा भार हलका होतो.

२. निधीचे दोन भाग करावेत : एक उभारणीचा, दुसरा चालू खर्चाचा. दुसरा भाग बँकेत ठेवीत राहावा.

३. टनामागे एक रुपया दिला आणि गाळप चार लाख टन झाले, तर वर्षाला चार लाख रुपये जमतात. मात्र कपात सर्वसाधारण सभेच्या ठरावानेच व्हावी. दुष्काळात ऊस घटला की ही रक्कमही घटते, हे ध्यानात ठेवावे.

४. निधी नोंदणीकृत सार्वजनिक न्यासातच जमा व्हावा. जमाखर्च दरवर्षी फलकावर लागावा. कोणी किती दिले याबरोबर किती खेपा झाल्या, हेही लिहावे.

फीत कापायला सगळेच येतात. पण तीन वर्षांनी तंत्रज्ञाचा पगार थकला आणि केंद्राला कुलूप लागलं, तर त्या रुग्णांनी जायचं कुठं? म्हणून वर्गणी देताना पहिला प्रश्न हाच विचारा : "पाचव्या वर्षाचा खर्च कोण देणार?" उत्तर मिळालं, तर मोकळ्या हाताने द्या.