मणक्यातला 'गॅप' : समज आणि गैरसमज

"डॉक्टर, मणक्यात गॅप पडलाय," असे सांगत अनेक रुग्ण घाबरून येतात. मी कमरेच्या मणक्यांचा प्लॅस्टिकचा नमुना त्यांच्या हाती देतो. कमरेत पाच मणके. दोन मणक्यांमध्ये गादी असते. ती एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिथे मोकळी जागा वाटते. हा 'गॅप' प्रत्येकाला असतोच! वयानुसार गादी झिजली की तो उलट कमी होतो. गादी मागे सरकून शीर दाबली गेली, की कळ पायात उतरते. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना शमते. अंथरुण धरू नये, झेपेल तेवढे चालावे. मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.