ओलाव्याची वार्ता थोडक्यांत कशी कळवावी

एका विहिरीवर तीन भावांचें पाणी असेल, तर शेतांतील ओलाव्याची वार्ता तिघांसही हवी असते. हल्लीं जमिनींत पुरलेला सेन्सर ती बिनतारी संदेशानें कळवूं शकतो. परंतु लोरासारख्या, अल्प विजेवर दूर पोंचणाऱ्या पद्धतींत वाट अरुंद असते. १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यांत सर्वांत दूरच्या पल्ल्यासाठीं सेकंदास सुमारें २९० बिट जातात, जवळच्यासाठीं सुमारें ५,४७०. शिवाय प्रत्येक संदेश बॅटरी खातो.

तिघांस निरनिराळीं पत्रें धाडण्यापेक्षां एकच दवंडी बरी. अडचण अशी कीं, विहिरीजवळच्या घरीं ती स्पष्ट ऐकूं येते व गांवांतल्या घरीं क्षीण. दूरच्याच्या बेतानें सावकाश बोलावें तर वेळ व वीज जाते; जलद बोलावें तर दूरचा कोराच राहतो. एकाच वेळीं अनेकांस वार्ता देण्याच्या या प्रश्नास टॉमस कव्हर यांनीं १९७२ सालीं गणिताचें रूप दिलें. त्यांतील एक तोड म्हणजे वार्तेचे थर करणें. समजा, ओलावा शेंकडा १० ते ४२ यांच्या दरम्यान असतो. पहिल्या ३ बिटांनीं या अंतराचे ८ भाग पडतात, एकेक भाग ४ चा. भागाचा मध्य धरला, तर चूक २ हून अधिक होत नाहीं. एवढें सावकाश, सर्वांस कळेल असें सांगावें. पुढचे २ बिट जलद पाठवावे. ज्यास ते मिळतील त्याची चूक अर्ध्या टक्क्यावर येते. पाणी द्यावें कीं नाहीं, एवढें दूरच्यास पहिल्या थरानेंच समजतें.

मात्र प्रत्येक संदेशास जोडावा लागणारा मथळा या ५ बिटांहून पुष्कळ मोठा असतो. तेव्हां थरांचा लाभ अनेक मापें एकत्र धाडतांनाच. एकट्या मापासाठीं खरी काटकसर संदेश न पाठविण्यांत आहे. जमीन रोज किती वाळते याचा एकच हिशेब सेन्सर व ऐकणारे या सर्वांनीं ठेवावा, आणि प्रत्यक्ष माप हिशेबापासून २ हून अधिक ढळलें तरच सेन्सरनें बोलावें. मध्येंच एखाद्याचा संदेश हुकला तर त्याचा हिशेब इतरांहून वेगळा पडतो, म्हणून अधूनमधून पुरें माप पुन्हां सांगावें लागतें.

या मौनानें आम्हीं एकदां फसलों. उंदरांनीं तार कुरतडली होती. आम्ही समजलों, सर्व ठीक आहे. कांद्याच्या रोपांनीं माना टाकल्या तेव्हां उमगलें. त्या दिवसापासून माप ढळो वा न ढळो, रोज सकाळीं एक संदेश यावा, अशी व्यवस्था आम्हीं केली आहे. तो न आल्यास शेतावर जाऊन माती हातांत घेऊन पाहतों.