आजचा पाठ : गाडीला हार, पण ब्रेकचं काय?



होळी झाली, पाडवा तोंडावर आला. पलसाणा, कडोदरा भागातल्या आपल्या खानदेशी घरांत आता एकच बोलणं सुरू होतं, चैत्रात गडावर कधी जायचं? सप्तशृंगी गडावर रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव असतो. मिलला सुट्टी मिळाली की कितीतरी जण मोटरसायकल काढतात आणि वघई-सापुताऱ्यावरून नांदुरीकडे निघतात. कोणी बारडोली, व्यारा, नवापूर करत गावी जातो. म्हणून आजचा पाठ पोथीतला नाही, दारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीचा आहे.

*घडलेली गोष्ट*

ही माझीच चूक आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो. आमच्या अप्पांची १०० सीसीची गाडी, २००८ ची. अप्पा गावी राहायला गेले, तेव्हापासून दीड वर्ष जिन्याखाली उभी होती. गेल्या चैत्रात मी ती बाहेर काढली. गॅरेजवाल्या काकांनी कार्बोरेटर साफ केला, चार किकमध्ये गाडी चालू झाली. मी खूश! नवीन सीट कव्हर टाकलं, पॉलिश मारलं, हार घातला. काका म्हणाले, "भाऊ, अर्धा तास बसा, चाकं खोलून ब्रेक शू बघून घेतो." मी म्हटलं, "काका, चालू झाली ना, बस झालं."

दर्शन छान झालं. परतताना सापुताऱ्याचा घाट उतरत होतो, मागे घरच्या मंडळी. एका वळणावर मागचा ब्रेक दाबला तर पाय थेट खाली गेला, गाडी काही थांबेना. पुढे ट्रक. गिअर खाली टाकत, पुढचा ब्रेक जपून धरत कडेच्या खडीत कशीबशी गाडी थांबवली. देवीच्या कृपेने कोणाला लागलं नाही. घरी आल्यावर ही एवढंच बोलली, "गाडीला हार घातलात, पण तिला काय हवंय ते विचारलं का?"

ते वाक्य मनात बसलं. आपण दसऱ्याला गाडीची पूजा करतो. पण पूजा आणि सेवा वेगळी. पूजेत आपल्याला जे आवडतं ते आपण देतो. सेवेत समोरच्याला जे लागतं ते द्यायचं असतं.

*क्रम उलटा धरा*

आपण आधी "चालू होते का" बघतो. खरा प्रश्न "थांबते का" हा आहे. साधनेतही आधी आवरायला शिकवतात, मग धावायला. गॅरेजमध्ये याच क्रमाने काम सांगा.

*१) थांबणं.* दोन्ही चाकं खोलून ब्रेक शू बघायला सांगा. उभ्या गाडीचे लायनर गुळगुळीत, कडक होतात. ब्रेकची केबल आणि रॉडही बघा. बऱ्याच ड्रम ब्रेकवर झीज दाखवणारी खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोचला की शू बदलायचे. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय किंवा एबीएस सक्तीचं आहे. आपल्या जुन्या गाडीला ते नाही, म्हणून दोन्ही ब्रेक सोबत वापरायची सवय आपणच लावायची.

*२) धरणं.* टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. नक्षी दिसत असली तरी वय बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३ वा आठवडा. रबराला भेगा असतील तर टायर बदलाच. हवा थंड टायरमध्ये भरा, दोघं बसणार असाल तर पुस्तकात दिलेली दोघांची.

*३) ओढणं.* चेन साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. फार ढिली उतरते, फार ताणलेली तुटते. चेन आणि दोन्ही चकरं एकत्रच बदला.

*४) दिसणं.* हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न. हायवेवर रात्री मागचा दिवा नसलेली गाडी ट्रकवाल्याला दिसतच नाही.

*५) चालणं.* आता इंजिन. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या गाडीच्या पेट्रोल पाइपचं आणि कार्बोरेटरचं रबर फुगलं किंवा चिरलं आहे का, ते बघा. ऑइल, प्लग, एअर फिल्टर नवीन घाला. मग लगेच लांब जाऊ नका. चार दिवस मिलपर्यंत ये-जा करा, तेल गळतं का बघा.

*कागद*

माझी दुसरी चूक नंतर कळली. गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे अप्पांच्या गाडीचं २०२३ लाच संपलं होतं! ते फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं. विमा, पीयूसीच्या तारखाही आजच बघा.

*मागे एकच*

हे ऐकायला कडू आहे, पण कायद्याने मागे एकच जण बसू शकतो. दोघांनाही हेल्मेट हवं. चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला सेफ्टी पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. "चौघं मावतो ना" म्हणणाऱ्या दादांनो, बाकीच्यांना बसने आणा. आई गडावर सगळ्यांचीच वाट बघते.

आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका, न्यूट्रलवर सोडू नका. खालच्या गिअरमध्ये उतरा. तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो.

*या आठवड्याचा अभ्यास*

रविवारी मुलांना सोबत घेऊन गाडी धुवा. धुताना वरचे पाच मुद्दे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग घरात एक प्रश्न विचारा : आपल्या घरात असं कोण आहे, ज्याला आपण हार घालतो पण काय हवंय ते विचारत नाही? उत्तर गटात टाकायची गरज नाही. त्या माणसाजवळ जाऊन बसा, पुरे.

अप्पांना मी त्याच रविवारी फोन केला. गाडीबद्दल बोलता बोलता ते तासभर बोलले.

जय गुरुदेव 🙏