चित्राचे आकारमान आणि पडदा

छायाचित्र पडद्यावर दाखवायचे झाल्यास ते किती मोठे असावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. त्याचे उत्तर मात्र सेंटिमीटरमध्ये नव्हे, तर चित्रबिंदूंच्या, म्हणजेच पिक्सेलच्या, संख्येत शोधावे लागते. एक उदाहरण घेऊ.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील रंगीत कॅमेऱ्याच्या संवेदकात २०४८ ओळी होत्या व प्रत्येक ओळीत २०४८ बिंदू होते. यानाकडून येणारे क्षीण संदेश बंगळूरजवळील ब्यालाळू येथील ३२ मीटर व्यासाची अँटेना टिपून घेई.

समजा, असे संपूर्ण चित्र आपणांस १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच अशा पडद्यावर दाखवायचे आहे. मूळ आकारात ते ठेवल्यास उंचीचा जवळजवळ निम्मा भाग पडद्याबाहेर जाईल. रुंदी ताणून पडदा भरल्यास मंगळाचा गोल अंडाकृती दिसेल. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात कमी करून १०८० × १०८० हे माप घ्यावे. मूळ ४१,९४,३०४ बिंदूंच्या जागी आता ११,६६,४००, म्हणजे सुमारे २८ टक्केच, बिंदू पुरतात.

या काटकसरीची किंमतही द्यावी लागते. १ जुलै २०२० रोजी याच कॅमेऱ्याने मंगळाचा उपग्रह फोबॉस टिपला. त्या चित्रात एका बिंदूत सुमारे २१० मीटर अंतर सामावले होते. फोबॉसचा सरासरी व्यास सुमारे २२ किलोमीटर. म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम शंभर बिंदू आले. ही प्रतिमा पडदाभर मोठी केली, तर एकेका बिंदूचा दहापट रुंद ठिपका होतो. नवे विवर मात्र एकही दिसत नाही. उलट ती एकचतुर्थांश केली, तर एक किलोमीटर रुंदीचे विवर एका बिंदूत विरून जाते.

यावरून तीन नियम निघतात. पडद्याच्या मापाची प्रत स्वतंत्र तयार करावी. बारकावा दाखवायचा असल्यास तेवढाच भाग कापून मूळ मापात ठेवावा. आणि मूळ चित्रास कधीही हात लावू नये. २०२२ मध्ये मंगळयानाशी संपर्क तुटला. त्याच्याकडून नवे चित्र आता येणार नाही. घरातील जुन्या छायाचित्रांचेही तसेच आहे. लहान प्रत केव्हाही पुन्हा करता येते; एकदा गमावलेला बिंदू परत मिळत नाही.